कायदा आला, भाषा चालली

युरोपातील राष्ट्रराज्यांची चर्चा निघाली की पोर्तुगालचे उदाहरण हटकून दिले जाते. एक राष्ट्र, एक भाषा, एक धर्म आणि तेराव्या शतकाच्या अखेरीपासून जवळजवळ न बदललेली सरहद्द, असे हे एकजिनसी राष्ट्र असल्याचे पाठ्यपुस्तके सांगत आली. स्पेनला कातालान आणि बास्क प्रश्नांनी ग्रासले, बेल्जियम भाषेवरून दुभंगले, पोर्तुगालला मात्र भाषेचा प्रश्नच नाही, अशी तेथील राज्यकर्त्यांचीही समजूत होती. ही समजूत चुकीची असल्याचे तेथील संसदेने सप्टेंबर १९९८ मध्ये एका विधेयकाला एकमताने पाठिंबा देऊन मान्य केले. देशाच्या ईशान्य कोपऱ्यात मिरांदी नावाची, पोर्तुगीजहून निराळी भाषा बोलली जाते आणि ती बोलणाऱ्या समाजाला भाषिक हक्क आहेत, असे सांगणारा हा कायदा २९ जानेवारी १९९९ रोजी, १९९९ चा सातवा कायदा म्हणून प्रसिद्ध झाला. तो मांडणारे प्रतिनिधी जुलियु मैरिन्युश हे त्याच भागातले आणि समाजवादी पक्षाचे होते.

कायद्याला पाव शतक उलटून गेले आहे. गालिसियातील व्हिगो विद्यापीठाने केलेल्या आणि २०२३ साली प्रकाशात आलेल्या पाहणीनुसार मिरांदी जाणणारे लोक सुमारे साडेतीन हजार उरले आहेत आणि ती नित्य वापरणारे सुमारे पंधराशे. त्यांतील बहुतेक वयस्क. काही केले नाही तर सुमारे तीस वर्षांत ही भाषा बोलीव्यवहारातून नाहीशी होईल, असा इशारा त्या अभ्यासकांनी दिला. ज्या भाषेविरुद्ध संसदेत एकही मत पडले नाही, ती भाषा कायदा झाल्यावर अधिक वेगाने का खंगत गेली, हा प्रश्न केवळ भाषाशास्त्रज्ञांवर सोपवण्यासारखा नाही. त्याची मुळे अर्थकारणात आणि सत्तेत आहेत, म्हणून तो आपल्या चर्चेचा विषय आहे.

मिरांदा दु दौरू हा तालुका दौरू नदीच्या खोल घळीच्या काठावर आहे. पलीकडचा काठ स्पेनचा. या साऱ्या प्रांताचे नावच ‘डोंगरांपलीकडचा मुलूख’ अशा अर्थाचे आहे. म्हणजे नाव ठेवणारा अलीकडे, लिस्बन-पोर्तूच्या बाजूला, बसला होता हे उघड आहे. मध्ययुगात लेओनच्या राज्यातून आलेले शेतकरी आणि तिकडच्या मठांच्या जमिनींवर राबणारी कुळे येथे वसली. पुढे सरहद्दीची रेघ त्यांच्या पश्चिमेऐवजी पूर्वेला पडली आणि ते पोर्तुगालचे प्रजाजन झाले. भाषा लेओनची राहिली. लॅटिनमधील ‘लूना’ या चंद्रवाचक शब्दातला ‘न’ पोर्तुगीजमध्ये गळला आणि ‘लुआ’ झाले. मिरांदीने तो ‘न’ जपला, आरंभीचा ‘ल’ तालव्य केला आणि चंद्राला ‘ल्यूना’ म्हटले. भूमीला पोर्तुगीज ‘तेर्रा’ म्हणते, मिरांदी ‘तिएर्रा’. असे नियमाने पडणारे भेद शेकड्यांनी दाखवता येतील. अशुद्ध पोर्तुगीज बोलण्यातून ते निर्माण झालेले नाहीत. ती पोर्तुगीजची चुलत बहीण आहे, बिघडलेली मुलगी नव्हे.

हे प्रथम जगाला सांगितले ते जुझे लैत द व्हाश्कोंसेलुश या तरुणाने. १८८२ साली तो पोर्तूला वैद्यकाचे शिक्षण घेत होता. मिरांदाकडून आलेल्या एका सहाध्यायाच्या तोंडची भाषा त्याने टिपून घेतली आणि ‘मिरांदी बोली’ ही छोटी पुस्तिका लिहिली. १८८४ साली त्याने या भाषेत कविता प्रसिद्ध केल्या, आणि १९०० व १९०१ साली दोन खंडांचा भाषाशास्त्रीय ग्रंथ सिद्ध केला. कामोंइशच्या देशात कामोंइशच्या भाषेव्यतिरिक्त दुसरी भाषा आहे, हेच तोवर शिष्टजनांना ठाऊक नव्हते. शेत, घर, श्रम आणि प्रेम यांची ही भाषा आहे, असे त्याने नोंदवले. परक्याशी आणि देवाशी बोलताना मात्र तेच लोक पोर्तुगीजकडे वळत.

या विभागणीत पुढचे सारे भवितव्य दडलेले होते. मिरांदा गावाला १५४५ साली शहराचा दर्जा आणि बिशपचे पीठ मिळाले. त्याबरोबर धर्माधिकारी, अंमलदार, लष्करी शिबंदी आली आणि शहराने हळूहळू आपली भाषा टाकली. ती खेड्यांत राहिली. खेड्यांतले लोक स्वतःच्या भाषेला ‘चार्रा’ म्हणजे गावंढळ म्हणत आणि पोर्तुगीजला ‘फिदाल्गु’ म्हणजे खानदानी. भाषेचे नाव घेतानाच वर्ग सांगितला जावा, असे उदाहरण क्वचितच सापडेल. ज्या भाषेत माणूस नांगर धरतो ती हलकी आणि ज्या भाषेत त्याच्याकडून सारा वसूल केला जातो ती थोर, हा न्याय त्याने स्वतःच्या तोंडाने उच्चारावा, इतपत सत्तेचा संस्कार खोल गेला होता. तरीही ही व्यवस्था तीन-चार शतके टिकली. कारण खेड्यातल्या माणसाला शहराची गरज क्वचित पडे, आणि घरात, शिवारात त्याची भाषा सार्वभौम होती. मिरांदी टिकली ती सन्मानामुळे नव्हे, एकांतामुळे.

हा एकांत विसाव्या शतकाच्या मध्यावर मोडला. सालाझारच्या हुकूमशाहीने दौरू नदीच्या सरहद्दीवरील टप्प्यात वीजनिर्मितीसाठी तीन मोठी धरणे बांधली : पिकोत १९५८ साली, मिरांदा १९६० साली आणि बेंपोश्ता १९६४ साली पूर्ण झाले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून हजारो मजूर, गवंडी, तंत्रज्ञ आले. पिकोतला अभियंत्यांसाठी आणि कामगारांसाठी नव्या धर्तीच्या वसाहती उभ्या राहिल्या. वास्तुकलेचे अभ्यासक आजही त्या पाहायला जातात. धरणावरचा मुकादम, दुकानदार, डॉक्टर, वसाहतीतला शिक्षक हे सारे पोर्तुगीज बोलणारे. मिरांदाच्या शेतकऱ्याच्या मुलाला प्रथमच रोख मजुरी दिसली आणि ती मजुरी कोणत्या भाषेत मागायची हेही त्याला त्याच दिवशी समजले. आईबापांनी मुलांशी मिरांदी बोलणे थांबवले ते याच काळात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. शाळेत मिरांदी शब्द तोंडून निघाला तर पोराची टर उडवली जाते, हे त्यांनी भोगलेले होते. आपले मूल त्यातून सुटावे एवढेच त्यांना हवे होते. या धरणांनी भाषा बुडवली, पण पाण्याखाली नव्हे.

आपल्याकडील काही मित्र विकासाच्या अभावालाच सर्व सांस्कृतिक ऱ्हासाचे कारण मानतात. त्यांनी हा इतिहास जरा थांबून पाहावा. मिरांदाला विकास आला होता. देशाला वीज देण्याइतका आला होता. पण तो ज्यांच्या दारात आला त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलला नाही आणि त्याचा लाभही त्यांच्या हाती राहिला नाही. बांधकाम संपल्यावर बाहेरचे मजूर निघून गेले आणि स्थानिकांपाशी पुन्हा कोरडवाहू शेती उरली. त्याच दशकात पोर्तुगालमधून फ्रान्स-जर्मनीकडे स्थलांतराची लाट उसळली. १९६० ते १९७४ या काळात दहा लाखांहून अधिक पोर्तुगीज देश सोडून गेले, कित्येक रात्रीच्या अंधारात, पायी, परवान्यावाचून सरहद्द ओलांडून. आफ्रिकेतील वसाहतींत १९६१ पासून चाललेल्या युद्धात जुंपले जाण्यापेक्षा पॅरिसच्या वेशीवर विटा वाहणे तरुणांनी पसंत केले. डोंगरांपलीकडचा मुलूख या लाटेने पोखरला गेला. मिरांदासाठी म्हणून बांधलेली अरुंद रूळांची साबोर रेल्वे १९३८ साली दुआश इग्रेजाश या गावापर्यंत आली, प्रत्यक्ष मिरांदाला ती कधी पोहोचलीच नाही आणि १९८८ साली बंदही झाली. २०११ च्या जनगणनेत साऱ्या तालुक्यात सुमारे साडेसात हजार माणसे होती, २०२१ मध्ये साडेसहा हजारांच्या आसपास. माणसेच उरली नाहीत तर भाषा बोलणार कोण?

हुकूमशाहीला मिरांदाचा तिटकारा होता असे मात्र नाही. उलट, पांढरे झगे घालून आपल्या टिपऱ्यांसारख्या दांड्यांचे नृत्य करणारे तेथील पाउलितैरू नर्तक राजवटीच्या लोककलेच्या प्रदर्शनांत शोभून दिसत. आंतोनियु मारिया मोरिन्यु या धर्मगुरूने या नृत्याची आणि त्याबरोबर भाषेची निष्ठेने जपणूक केली. १९६१ साली त्याने मिरांदीत काव्यसंग्रह काढला. त्याचे ऋण मानलेच पाहिजे. पण राजवटीला नाच हवा होता, भाषा नको होती. लोकांच्या पायांचे कौतुक करायचे आणि जीभ मात्र आपली द्यायची, ही प्रस्थापितांची रीत आपल्या आदिवासी भागांतील कार्यकर्त्यांना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

२५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीनंतर वातावरण पालटले. १९८६-८७ या शालेय वर्षापासून मिरांदाच्या शाळेत ही भाषा ऐच्छिक विषय म्हणून शिकवली जाऊ लागली. लेखनाचे नियम ठरवण्याचे काम नव्वदच्या दशकात झाले आणि १९९९ साली ते ग्रंथरूपाने आले. त्यातही एक गंमतीची, पण बोधक अडचण उद्भवली. दक्षिणेकडील सेंदीं गावचे लोक शब्दारंभीचा ‘ल’ तालव्य उच्चारतच नाहीत. त्यांच्यासाठी २००० साली नियमांना पुरवणी जोडावी लागली. पंधरा-वीस मैलांच्या मुलुखातही ‘प्रमाण’ कोणाचे हा वाद टळत नाही. परंतु येथे तो समजुतीने मिटवला गेला, ही गोष्ट मोठ्या भाषांच्या मंडळांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

याच सेंदीं गावात १९५० साली जन्मलेले अमादेउ फरैरा यांचा उल्लेख केल्याविना ही हकीकत पुरी होणार नाही. व्यवसायाने ते कायदेपंडित, लिस्बनमधील रोखेबाजार नियंत्रण मंडळाचे उपाध्यक्ष. दिवसा भांडवलबाजाराचे नियमन आणि उरल्या वेळी मिरांदीत कविता, कादंबरी, शुभवर्तमानांचे भाषांतर, ॲस्टेरिक्सच्या चित्रकथांचेही भाषांतर, असे दुहेरी आयुष्य ते २०१५ साली मृत्यू येईपर्यंत जगले. त्यांचे सर्वांत धाडसी काम म्हणजे लुईश द कामोंइशच्या ‘लुझियाद’ या महाकाव्याचे मिरांदी रूपांतर. वास्को द गामाच्या हिंदुस्थान-सफरीचे आणि पोर्तुगीज साम्राज्याचे हे गौरवगान, आणि त्याचा कर्ता स्वतः गोव्यात राहून गेलेला. ज्या ग्रंथाच्या नावाने साऱ्या देशाला एकभाषी ठरवले, तोच ग्रंथ या गावंढळ म्हटल्या गेलेल्या भाषेत आणून फरैरांनी तिचे सामर्थ्य सिद्ध केले. साम्राज्याचे काव्य याच कामी यावे, याची आपल्याला मौज वाटल्यावाचून राहत नाही.

गोव्याचे नाव निघालेच आहे तर दोन गोष्टींची तुलना केली पाहिजे. १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की तेथील लोकांनी देशी भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलावयास लागावे. कोंकणी मेली नाही. घराघरांत ती राहिली, सक्तीने परागंदा झालेल्यांबरोबर कारवार-मंगळूरकडे गेली आणि राज्यकर्त्यांचे फर्मान कागदावर राहिले. पुढे कुन्य रिव्हारा या पोर्तुगीज अधिकाऱ्यानेच १८५७ साली थॉमस स्टीफन्सचे कोंकणी व्याकरण नव्याने छापले आणि दीर्घ निबंध लिहून कोंकणीची बाजू मांडली. इकडे मायदेशात, मिरांदाविरुद्ध असे फर्मान काढण्याची गरजच पडली नाही. शाळा, चर्च, कचेरी, धरण आणि दारिद्र्य यांनी ते काम बिनबोभाट केले. बंदीने जे गोव्यात साधले नाही ते उपेक्षेने मिरांदात जवळजवळ साधत आले आहे. बंदीविरुद्ध सत्याग्रह करता येतो. डॉक्टर लोहियांनी १८ जून १९४६ रोजी मडगावला तो केला, नानासाहेब गोरे आणि मधु लिमये त्यासाठी पोर्तुगीजांच्या तुरुंगात गेले. उपेक्षेविरुद्ध सत्याग्रह कसा करावा, हे मात्र कोणी फारसे शिकवलेले नाही.

याच संदर्भात महाराष्ट्रानेही स्वतःकडे पाहावे. गोवामुक्तीसाठी रक्त सांडणाऱ्या मराठी समाजातूनच कोंकणी ही मराठीची बोली आहे, तिला स्वतंत्र भाषेचा दर्जा कशाला, असे वर्षानुवर्षे हिरिरीने म्हटले गेले. लोहियांच्या सहवासात घडलेले, मराठीतही लिहिणारे रवींद्र केळेकर कोंकणीसाठी उभे राहिले, तेव्हा त्यांना आपल्यांचेच टोमणे ऐकावे लागले. साहित्य अकादमीने १९७५ साली कोंकणीला स्वतंत्र भाषा मानले, गोव्याने १९८७ साली तिला राजभाषा केले, १९९२ साली ती घटनेच्या आठव्या परिशिष्टात आली. मराठीचे यात काय नुकसान झाले? भाषा आणि बोली यांतला फरक शास्त्र जितका ठरवते त्याहून अधिक सत्ता ठरवते, हे मिरांदीच्या बाबतीत आपण चटकन मान्य करतो. पोर्तुगाल दूर आहे. घराजवळ आल्यावर मात्र तोच विचार आपल्याला खटकू लागतो.

आता १९९९ च्या कायद्याकडे वळू. तो अगदी छोटा, मोजक्या कलमांचा कायदा आहे. मिरांदी जोपासण्याचा आणि वाढवण्याचा हक्क तो मान्य करतो. मुलांचा ती शिकण्याचा हक्कही मान्य करतो, परंतु पुढे होणाऱ्या नियमांच्या अधीन. तालुक्यातील सार्वजनिक संस्था आपल्या कागदपत्रांना मिरांदी प्रत जोडू ‘शकतील’, असे त्यात म्हटले आहे. कायद्याची भाषा वाचण्याची ज्यांना सवय आहे त्यांना या एका क्रियापदाचे मोल कळेल. ‘शकतील’ म्हणजे न जोडली तरी चालेल. नागरिकाला मागणीचा अधिकार नाही, संस्थेवर बंधन नाही, तिजोरीवर भार नाही. एकमताने संमत होणारे कायदे पुष्कळदा असेच असतात. वर्तमानपत्रे मिरांदीला देशाची दुसरी राजभाषा म्हणून मोकळी झाली, पण कायद्यात तसे शब्द नाहीत. उलट २००१ च्या घटनादुरुस्तीने ‘राजभाषा पोर्तुगीज आहे’ असे वाक्य राज्यघटनेत प्रथमच घातले. मिरांदीचे शाळेतले स्थान ऐच्छिक राहिले, शिक्षक हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. गावांच्या नावांच्या पाट्या दोन भाषांत झाल्या. अल्पसंख्य भाषांसंबंधीची युरोपीय सनद १९९२ पासून सह्यांसाठी खुली होती. पोर्तुगालने तिच्यावर सही केली सप्टेंबर २०२१ मध्ये.

जाता जाता एक गोष्ट सांगितली पाहिजे. मिरांदाचे केसाळ गाढव ही दुर्मीळ जात आहे आणि तिच्या संवर्धनासाठी युरोपीय निधीतून पालकांना साहाय्य मिळते. ते योग्यच आहे. तेथील गाईंच्या मांसालाही उगमस्थानाचे कायदेशीर संरक्षण आहे. गाढव पाळणाऱ्याला अनुदान आणि भाषा पाळणाऱ्याला टाळ्या, इतकाच त्यात भेद.

पंधराशे माणसांच्या भाषेसाठी एवढे शब्द कशाला, असे कोणी कार्यकर्ता विचारील. आधी रोटी, मग भाषा, असेही म्हणेल. मिरांदाचे लोक पोर्तुगीज सोडायला निघालेले नाहीत. ते दुभाषी आहेत, सरहद्दीमुळे बरेचसे त्रिभाषीही. त्यांचे म्हणणे इतकेच की रोटी मिळवण्याची किंमत म्हणून आईची भाषा मोडून द्यावी लागू नये. आणि रोटीचा हिशेब काढायचाच तर तो धरणांपासून काढावा लागतो. ही धरणे क्रांतीनंतर राष्ट्रीयीकृत झाली, सरकारी वीज कंपनीकडे आली. १९९७ पासून ती कंपनी टप्प्याटप्प्याने विकली गेली. कर्जसंकटाच्या काळात, २०११ साली, सरकारने तिच्यातला आपला मोठा हिस्सा चीनच्या थ्री गॉर्जेस कंपनीला विकायचे ठरवले. मग २०२० साली या कंपनीने मिरांदा, पिकोत, बेंपोश्तासह सहा धरणांचे हक्क फ्रेंच भांडवलदारांच्या गटाला सुमारे दोनशे वीस कोटी युरोंना विकले. त्यावरचा मुद्रांक कर, जो अकरा कोटी युरोंच्या आसपास भरतो, विक्रीची रचनाच अशी केल्यामुळे भरला गेला नाही, असा आक्षेप मिरांदाच्या नागरिकांनी घेतला. त्यांनी उभारलेल्या चळवळीचे नाव ‘मिरांदाभूमीची सांस्कृतिक चळवळ’ असे आहे. नावात संस्कृती आणि मागणी कराची! धरणांच्या उत्पन्नातला न्याय्य वाटा ज्या मुलुखाची नदी त्या मुलुखाला मिळावा, तो मिळाला तर तरुणांना राहण्याचे कारण मिळेल आणि तरुण राहिले तर भाषा राहील, हे त्या माणसांना कोणत्याही भाषाशास्त्रज्ञाच्या मदतीवाचून कळले आहे. भाषेचा प्रश्न आणि साधनसंपत्तीच्या मालकीचा प्रश्न त्यांनी एका मागणीपत्रात आणला, हे मला त्यांच्या साऱ्या लढ्यातले सर्वांत मोलाचे वाटते.

ही विक्री झाली तेव्हा लिस्बनला समाजवादी पक्षाचेच सरकार होते आणि विक्रीला संमतीही त्याच सरकारने दिली. २०१५ च्या अखेरीपासून २०२४ पर्यंत तो पक्ष सत्तेवर होता. जानेवारी २०२२ च्या निवडणुकीत तर त्याला निर्विवाद बहुमत मिळाले. मैरिन्युश यांच्या कायद्यातील ‘शकतील’ हे क्रियापद बदलून तेथे ‘देतील’ एवढा शब्द घालायला त्या बहुमतात कोणाचीही आडकाठी नव्हती. तो शब्द बदलला गेला नाही. पिकोतच्या धरणातून वीज नियमित वाहते आहे, आणि धरणाच्या वरच्या गावात मिरांदी बोलणारी माणसे अजून आहेत.